न मोजलेली ओळ

"ओळ मनासारखी झाल्याशिवाय एंटर दाबायचं नाही हां, उमा," संगणक शिकवताना सासरे सांगायचे. रोज पूजेनंतर ते त्यावर देवीचं स्तोत्र रचत. "अर्धवट राहिलं, तर पुरं करशील ना?" त्यांनी विचारलं. मी देवापुढे वचन दिलं. ते गेल्यावर, स्तोत्र पुरं झालंय असंच आम्ही धरलं. आज लेकीनं प्रोजेक्टसाठी ओळी, शब्द मोजणारी संगणकातली जुनी कमांड नव्यानं लिहून आजोबांच्या फाइलवर चालवली. "आई, दिसतायत त्यापेक्षा एक ओळ कमी भरते!" "तुझंच चुकलं असेल." "नाही गो, मूळ कमांडसुद्धा एंटरच मोजते. शेवटच्या ओळीला आजोबांनी एंटर दिलंच नाही." कर्सर त्या ओळीपाशी निरांजनासारखा लुकलुकत होता, जणू शब्द अडला की जायचे तसे सासरे मांडवी नदीच्या किनाऱ्यावर गेलेत. लेकीचा एंटरकडे गेलेला हात मी धरला. दिवा लावून त्यांचा राहिलेला शब्द शोधायला बसले.