साक्षीदाराची संमती

"थांबा जरा," आदिती दारातून म्हणाली. "आप्पा जेवायला बसलेत."

वृषभचं बोट बटणावर होतं. चांदी दुपारपासून घसरत होती आणि त्याला आणखी घ्यायची होती. पण लॅपटॉपवर लाल पट्टी आली होती. 'पडत्या भावात आणखी घ्यायचं नाही, हा नियम तुम्ही स्वतः लिहिला आहे. मोडायचा असल्यास साक्षीदाराची संमती मागा.'

"मग जेवू देत की. माझा काय संबंध?"

"तुम्ही ते दाबलं की त्यांचा फोन वाजतो. ते संमती देतात आणि ताटावरून उठतात."

बायको चेष्टा करतेय असं वृषभला वाटलं. पण आदितीचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

"मंगळवारी उठले, मला वाटलं तोंडाला चव नसंल. काल बी उठले. शुगरची गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण न्हाई. रात्री घामानं अंथरूण भिजलं. विचारलं तर म्हणाले, वृषभचा नियम मोडला."

सॉफ्टवेअरचं नाव 'पडताळा'. प्रत्येक सौद्याआधी त्यात कारण लिहायचं. माणूस स्वतःचेच शब्द फिरवायला लागला की ते शब्द दाखवून त्याला ओशाळं करायचं, एवढंच त्याचं काम. साक्षीदार म्हणून कुणाचा तरी नंबर द्यावा लागतो, तर वृषभनं वडिलांचा दिला होता. आप्पा फोनकडं बघतच नाहीत, हा त्यातला हुशारपणा. पण ज्या माणसानं जैन मुनी महाराजांपुढं घेतलेले नियम जन्मभर पाळले, त्याच्या फोनवर 'नियम' हा शब्द गेला तर काय होईल, याचा विचार त्यानं केला नव्हता.

तो स्वयंपाकघरात गेला. कुरुंदवाडचं घर बंद करून राजारामपुरीत मुलाकडं आलेले बापूसो पाटावर बसले होते. अंथऊची वेळ होती. दिवस मावळायच्या आत हे जेवण झालं नाही, तर उजाडेपर्यंत त्यांच्या तोंडात पाणीसुद्धा जात नसे. ताटातली भाकरी अजून अख्खी होती. ताटाशेजारी फोन होता.

"आप्पा, हे काय काढलंय? नुसतं सॉफ्टवेअर हाय ते."

"नियमच लिवलाय की त्येच्यात. साक्षी म्हणून माझं नाव हाय. वाचलंय मी."

"मग संमती देऊ नका. नकाराचं बटण बी हाय खाली."

"न्हाय म्हटलं तर मला चुकवून करशील. सांगून करतोस तवर बरं."

"पण आप्पा, कर्म ज्याचं त्याला, हे तुम्हीच सांगता की," आदिती म्हणाली.

"कर्म त्येचंच. साक्षी ऱ्हायलो, ते माझं."

आवाज चढला नव्हता, त्यात टोमणाही नव्हता. वृषभला लाज वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी. ती लपवायला तो घाईनं म्हणाला, "बरं, आज न्हाई करत. जेवा आता."

"तसं नगं. मंगळवारी निम्म्यात उठलो, ताटात अन्न टाकलं. ते पाप येगळंच. तोंडानं नियम घे. आज मोडणार न्हाय असं तू म्हण, मग मी भाकरी मोडतो."

वृषभनं तोंड उघडलं. तीनच शब्द होते. पण चांदी एव्हाना आणखी उतरली असेल, हा विचार त्यांच्या आधी आला.

"म्हणतो की. पाच मिनिटं भाव बघून येतो."

बापूसोंनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवले.

खोलीत येऊन वृषभ लॅपटॉपपुढं बसला, पण बटणाला शिवला नाही. चांदी खाली येत होती. परत जावं, तीन शब्द म्हणून टाकावेत, असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा तो अजून एकदा भाव बघायला थांबला. समोरच्या क्लासच्या पाटीवरचं ऊन वर सरकलं, गच्चीवरच्या टाकीवर गेलं, मग तिथूनही गेलं.

"आप्पा, दिवस गेला की हो," आदितीचा आवाज आला. मग ताट उचलल्याचा.

वृषभनं बटण दाबलं नव्हतं. इतका वेळ दाबलं नव्हतं, तरी बाप उपाशी राहिला होता. मग त्याचे डोळे परत भावावर गेले. ताट तर आता उचललंच होतं. आजचा उपास घडायचा तो घडला होता. आता दाबलं तर कुणाचं काय जाणार होतं?

कारणाच्या चौकटीत त्यानं कालचंच वाक्य लिहिलं, 'भाव इथून वर येईल', आणि बटण दाबलं.

'तुमचं कारण आधीच्या कारणाशी जुळतं,' पडताळ्यानं शाबासकी दिली.

स्वयंपाकघरात फोन वाजला. मग पडद्यावर संमतीची हिरवी खूण उमटली, आणि तिच्या मागोमाग बापूसोंचा आवाज आला.

"आदिती, उद्या सकाळी माझी भाकरी टाकू नगंस."