जोडलेली माशी

डोकं एका माशीचं, धड दुसरीचं. मध्ये सुईच्या टोकावर मावेल एवढा डिंक. तिनं श्वास रोखला, चिमट्यानं डोकं मानेला टेकवलं आणि मनात म्हणाली, "घ्या, गिळा आता!"

संग्रहालयाच्या कीटक विभागात तिच्याइतका स्थिर हात कुणाचाच नव्हता. मानेवरची लव तिनं अशी बसवली की भिंगाखालीही जोड दिसू नये. दिसला असता तर एकट्या विभागप्रमुख सरांना, आणि सरांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता. झाली तयार एक नवीकोरी परजीवी मधमाशी, जगात कुणी न पाहिलेली! पाहणार कुठून? ती जगात नव्हतीच.

परजीवी मधमाशी म्हणजे एक नंबरची ऐतखाऊ. ती घर बांधत नाही, फुलांवर राबत नाही. दुसरी एखादी माशी बिचारी घरटं खणते, आपल्या पिल्लासाठी पराग भरून ठेवते, आणि ती बाहेर गेली की ही बया गुपचूप आत शिरून आपलं अंडं घालून येते. त्यातून निघालेली अळी घरच्या अंड्याचा फडशा पाडते आणि तो सगळा साठा खाऊन टम्म फुगते. आयत्या बिळावर नागोबा! सर या माश्यांचे सगळ्यात मोठे जाणकार होते. तिनं मनातल्या मनात त्यांचं नाव नागोबाच ठेवलं होतं.

उगाच नाही ठेवलं. तिची पहिली नवी माशी सरांनी अशीच खाल्ली होती. शोधली तिनं, चित्रं काढली तिनं, डोळे फुटेस्तोवर पायांवरचे केस मोजले तिनं, आणि लेख छापून आला तेव्हा वर नाव एकट्या सरांचं. शेवटी आभार मानले होते, त्यात ती होती. गाडीच्या ड्रायव्हरनंतर. त्या दिवसापासून तिच्या जिवाची जी आग होत होती, ती वर्षं गेली तरी विझली नव्हती.

"सोड ना आता," नवरा म्हणायचा. "म्हातारा रिटायर होतोय. जाऊ दे त्याला."

"जाऊ दे? असाच, हारतुरे घेऊन? मुळीच नाही!"

सापळा सोपा होता. सरांना दुसऱ्यांचे ड्रॉवर उघडून बघायची खोड होती, साऱ्या विभागाला ठाऊक. तिनं माशी आपल्या ड्रॉवरमध्ये अगदी वर ठेवली. सोबत सुबक चित्रं आणि माशीचं वर्णन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहून तयार. चोराला कष्ट नकोत! मग तिनं आठवडाभराची रजा टाकली. परत आली तेव्हा ड्रॉवर रिकामा होता. ती एकटीच इतकी हसली की ठसका लागला. सर काही बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. चोरानं कधी पावती दिली आहे?

सरांच्या निरोप समारंभाला सभागृह भरलं होतं. संचालक होते, बाहेरगावचे पाहुणे होते, वार्ताहर होते. सर नवी माशी जाहीर करणार होते. लेख शोधपत्रिकेच्या ताज्या अंकात आला होता म्हणे, पण तो अंक त्यांनी अजून कुणाला दाखवला नव्हता. टेबलावर छोट्या कॅमेऱ्याखाली माशी ठेवली होती आणि मागच्या पडद्यावर ती मांजराएवढी दिसत होती. ती स्वतः पहिल्या रांगेत बसली होती, पर्समध्ये गरम पाण्याचा थर्मास आणि काचेची वाटी घेऊन. तो डिंक गरम पाण्यात लगेच सुटतो.

सरांनी घसा साफ केला. "या माशीमागची गोष्ट जरा वेगळी आहे. ती मला आज सगळ्यांसमोर सांगायची आहे..."

थापा ऐकत बसण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. ती उठली.

"माफ करा सर, पण मला या माशीची शंका येतेय."

कुणी अडवायच्या आत ती मंचावर चढली. कॅमेऱ्याखाली वाटी ठेवून तीत पाणी ओतलं आणि माशी त्यात सोडली. "अगं, अगं!" सर पुढे झाले. सगळे पडद्याकडे बघत होते. माशीचं डोकं थोडं हललं, तिरकं झालं आणि धडापासून सुटून वेगळंच तरंगू लागलं. मागच्या रांगेत कुणीतरी "अरे बापरे!" म्हणालं.

संचालकांचा चेहरा उतरला. "म्हणजे ही बनावट आहे?"

"चक्क डिंकानं चिकटवलेली!" तिचा आवाज खणखणीत लागला. "ज्यानं ही छापली, त्यानं पुन्हा भिंगाला हात लावता कामा नये. नोकरी, पेन्शन, मान, सगळं काढून घ्या. या इमारतीची पायरीसुद्धा चढू देऊ नका त्याला."

"बरोबर आहे," संचालक म्हणाले. "अगदी तसंच होईल. इथं सर्वांसमोर शब्द देतो."

काय गार वाटलं तिला! इतक्या वर्षांची आग एका वाटीभर पाण्यात विझली. आता नागोबा कसा वळवळतो ते डोळे भरून बघावं म्हणून ती सरांकडे वळली. सर वाटीकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. हातातला अंक त्यांनी तिच्यापुढे धरला.

"काय केलंस हे, पोरी?" ते म्हणाले. "मागे तुझं ढापलं होतं मी. म्हणून या वेळी तुला न सांगता लेख पाठवला. माझं नाव कुठंच नाहीये गं त्यात. तुझ्या एकटीच्या नावानं छापलाय."