बंद यंत्रावरची नोकरी

"यंत्र बंद आहे म्हणता, मग नोकरी कसली?" शेव-उसळीची बशी खाली ठेवत बाळकृष्णरावांनी विचारलं.

समोर बडोद्यातल्याच अकोटा भागातला अमोघ बसला होता, त्यांच्या लेकीला, आकांक्षाला पाहायला आलेला. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा आहे. त्यात अणूहून लहान कण पळवतात आणि एकमेकांवर आदळवतात. तिथे तो इंजिनियर होता.

"सध्या बंद ठेवलंय, काका. काही वर्षं तरी. पण मला रविवारी निघावंच लागेल, रजा मिळत नाही."

"अच्छा," बाळकृष्णराव म्हणाले. रिफायनरीत जन्म काढलेला माणूस. त्यांच्या 'अच्छा'ने भल्याभल्यांना घाम फुटायचा.

पाहुणे गेले आणि त्यांनी तोंड उघडलं. "कुठेतरी पाणी मुरतंय. कण पळत नाहीत, प्रयोग नाहीत, आणि याला रजा नाही? नोकरी गेली असेल. नाहीतर तिकडे कुणीतरी वाट बघत असेल."

"काहीतरीच काय!" नलिनीताई म्हणाल्या. "पोरीच्या बारशाला तुम्ही नव्हतात. आता लग्न तरी नीट होऊ द्या तिचं."

आकांक्षाचा चेहरा उतरला. अमोघ तिला आवडला होता. गच्चीवर बोलायला गेलेली दोघं, चहा गार झाला तरी खाली आली नव्हती.

"बाबा, नक्की खोटं बोलतोय तो?"

"यंत्रांतलं मला कळतं, बेटा. फसवणूक होण्यापेक्षा नकार बरा. अगं, बडोद्यात काय मुलांचा दुष्काळ आहे?"

एकुलती एक लेक. वडिलांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. "सारू, ठीक आहे बाबा," एवढंच म्हणाली आणि नकार कळवायला फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं.

बाळकृष्णरावांनी पंखा वाढवला.

नलिनीताई बशा गोळा करता करता थांबल्या.

"अहो, बारशाच्या वेळी तुम्ही रिफायनरीतच होतात ना? महिनाभर घरी आला नव्हतात."

"मग? आज काय त्याचं?"

"तेव्हा प्लांट बंद होता. बंद असला की तो उघडून दुरुस्त करतात, तेव्हाच रजा मिळत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

बाळकृष्णरावांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "तिला ऐकू जाईल."