गुडघ्याची चौकशी

"आबा, गुडघा काय म्हणतोय?"

प्रकल्पप्रमुखाने हा प्रश्न सलग एकेचाळीसाव्या सकाळी विचारला, आणि सलग एकेचाळीसाव्यांदा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्या गुडघ्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. गुडघा त्याच्या तक्त्यात होता.

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. याआधी दोन सॉफ्टवेअरं आली आणि आली तशी गेली. का, ते कोणी धड सांगत नव्हतं. म्हणून या वेळी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने त्याच्या हातात तक्ता दिला होता: कोणाचं वजन किती, कोणाचा विरोध किती आणि कोणाला कशाने गार करायचं. रकाने त्याने स्वतःच भरले होते. सातव्या ओळीत होतं: 'स्टोअरकीपर. वजन भारी. विरोध कडवा. उपाय: रोज गुडघ्याची चौकशी, अक्षराचं कौतुक, बिनसाखरेचा चहा.'

स्टोअरकीपर म्हणजे आबा. एकतीस वर्षं सुट्या भागांचं स्टोअर त्यांच्या मुठीत. बेअरिंगपासून वायसरपर्यंत प्रत्येक कप्प्याला एक पिवळं कार्ड, आणि त्यावर आबांचं मोत्यासारखं अक्षर. साधा नट हवा असला तरी आबांच्या खिडकीशी उभं राहून तोंड वेंगाडावं लागे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कामगार पडद्यावर मागणी टाकणार आणि माल बाहेर. कार्डं बंद, खिडकी बंद. पण ते चालू करायला सही हवी होती आबांचीच, तीही महिनाअखेरीच्या आत. नाहीतर प्रकल्पप्रमुखाची उचलबांगडी ठरलेली.

"गुडघा? चालायचंच," आबा मांडणीला धरून उठले. आज ते डाव्या पायाने लंगडत होते. काल उजवा होता. म्हणजे दुखणं आता दोन्हीकडे पसरलं! प्रकल्पप्रमुखाने घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं.

"माझं मेलं काय घेऊन बसलास, बाळा? आईचा डोळा कसा आहे? थेंब चारदा घालता ना?"

हे तर त्याहून वाईट. पहिल्या दिवशी 'ओ संगणकवाले, बाहेर थांबा' म्हणून हाकलणारा हा माणूस आता त्याला बाळा म्हणत होता. त्याच्या आईचे थेंब त्याच्यापेक्षा जास्त ध्यानात ठेवत होता. आणि आपण? आपण तक्ता बघून माया करतोय!

अशी लाज वाटली की तो काहीतरी देऊन मोकळा व्हायचा. एकदा म्हणाला, कार्डं एकदम कशाला बंद, जोडीने चालू देत. आणखी एकदा म्हणाला, खिडकीही असू दे. वर कळवलं, ग्राहकाची खास गरज आहे.

"सर," त्याची चाचणीवाली सहकारी म्हणाली होती, "आता आबांचा फोटोच लावून टाकू स्क्रीनवर. तेवढंच राहिलंय."

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. सहीचा कागद त्याच्या काखेत होता, आणि त्याखाली तक्ता. रात्रभर कूस बदलून त्याने ठरवलं होतं: सही गेली खड्ड्यात.

"आबा, सहीच्या आधी हे वाचा. सातवी ओळ."

आबांनी वाचलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसला.

"म्हणजे चहा... गुडघा..."

"सगळं ठरवून." त्याचा आवाज चिरकला. "तुमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते मला. सही करू नका. मी जातो."

"आणि अक्षराचं कौतुक?"

"ते खरं होतं आबा! शपथ!"

आणि त्याला रडूच कोसळलं. चांगला चाळिशीचा गडी, दोन पोरांचा बाप, वायसरच्या खोक्यांमध्ये उभा राहून हमसाहमशी रडला.

आबांनी चष्मा चढवला. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वेडा रे वेडा. मनात पाप असतं तर सांगायला आला असतास का? आण तो कागद."

"आबा, तुम्हाला काय हवं ते सांगा. काहीही."

"मला या वयात काय हवं असणार?" आबा जरा घुटमळले. "एवढंच बघ. मागण्या खुशाल टाकू देत पडद्यावर. पण मी हो म्हटल्याशिवाय माल हलायला नको. म्हाताऱ्याचा मान, दुसरं काय."

प्रकल्पप्रमुखाने नाक पुसत ती अट तिथल्या तिथे कागदावर लिहिली. आबांनी खाली सही ठोकली.

"बस. आज चहा मी आणतो. आल्यावर शिक्का मारू," म्हणत आबा लंगडत बाहेर पडले.

दुखऱ्या पायांना तेवढाच आराम, म्हणून शिक्का आपणच काढून ठेवावा असं त्याच्या मनात आलं. त्याने टेबलाचा खण ओढला. शिक्का होता. शिक्क्याखाली एक वही उघडी पडली होती. ओळी आखलेल्या, रकाने पाडलेले, आणि तेच मोत्यासारखं अक्षर.

'संगणकवाले.

पहिला: तापट. उपाय: रोज भांडणे. दीड महिन्यात गेला.

दुसरा: घाईतला. उपाय: रोज हो म्हणणे, कागद एकही न देणे. चार महिन्यांत गेला.

तिसरा: हळवा. उपाय: आईची चौकशी. तिसऱ्या आठवड्यापासून बाळा म्हणणे. लंगडणे (काल कोणता पाय होता, ते सकाळी न विसरता पाहणे).'

त्याखाली आजची तारीख होती.

'आज बहुतेक कबुली देईल. लगेच माफ करू नये. आधी दोनदा चष्मा पुसावा.'