फट कुणाची?

“फट आमची नाहीच,” ए विंगचे रविराज देवरे पार्किंगमधल्या बैठकीत ठासून म्हणाले.

“मग काय आमची?” बी विंगच्या स्नेहल गांगुर्डे ताडकन उठल्या.

पेठ रोडवरच्या त्या सोसायटीच्या दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या. मध्ये दोन बोटांची फट. गच्चीवरचं पाणी तिच्यातून थेट वरच्या मजल्यावरच्या लताबाईंच्या स्वयंपाकघरात उतरायचं. दिव्याच्या बटणाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. तीन पावसाळे त्यांनी अर्ज केले. शेवटी त्यांनीच अकबर मिस्त्रीला बोलावून आणलं.

“फट मुद्दाम ठेवलेली असते,” अकबर म्हणाला. “उन्हात काँक्रीट फुगतं, थंडीत आकसतं. त्याला हलायला जागा लागते. मी आत फोमची दोरी दाबतो, वरून रबरासारखा मसाला भरतो. तो दोन्हीकडे चिकटतो आणि ताणतोही. दोन दिवसांचं काम हाय. फक्त दोन्ही विंगची सही द्या.”

सही म्हणजे मालकी कबूल, आणि मालकी म्हणजे खर्च. पेनाला कुणी हात लावेना.

लताबाई उठल्या. “दोघांचीही नाही ना? मग तसं लिहून द्या. फट माझी. उद्यापासून गच्चीवर ती ओलांडायची तर मला विचारून.”

दहा मिनिटांत दोन्ही सह्या झाल्या. दोघांनीही वर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आमच्या मालकीची फट’.

अकबरने काम केलं. जाताना बजावलं, “काही झालं तरी हिच्यात सिमेंट घालू नका.” त्या पावसाळ्यात लताबाईंकडे एक थेंब आला नाही.

पण मालकीची जागा अशी मऊ कशी ठेवायची? दिवाळीनंतर ए विंगने मसाला खरवडला आणि आपल्या अर्ध्या फटीत सिमेंट ठासलं. आठवड्याभरात बी विंगने उरलेल्या अर्ध्यात. लताबाई दोन्हीकडे हात जोडून आल्या. “आमच्या जागेत आम्ही काहीही करू,” दोन्हीकडून एकच उत्तर मिळालं.

एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला. फुगलेल्या स्लॅबला सरकायला जागाच उरली नव्हती. दोन्ही गच्च्यांचे कठडे आरपार तडकले.

तातडीची बैठक बसली. ए आणि बी पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसल्या. एकमत व्हावं म्हणून लताबाईंना बोलावलं नव्हतं. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला: दोष अकबर मिस्त्रीचा.