दिवाणखान्याचा आराखडा

खाट यादीत नव्हती.

बाबांनी यादी पुन्हा वाचली. पंचाहत्तर इंची टीव्ही. त्याखाली लांब कपाट. कपाटात सगळे सिनेमे पोटात घेऊन बसणारा छोटा संगणक. पुढे तीन स्पीकर, मागे दोन. तिघांचा सोफा. मुलाचं अक्षर शाळेपासून घाईचं. राहिली असेल लिहायची. त्यांनी शेवटच्या ओळीखाली आपल्या उभ्या, सुबक अक्षरांत भर घातली : ‘खाट, एक. खिडकीखाली. आहे तीच.’

चौतीस वर्षं आरेखकाच्या नोकरीत त्यांनी हेच केलं होतं. घर बांधणारा माणूस काहीतरी विसरतोच. कोणी माळा विसरतो, कोणी न्हाणीघर. एकजण तर जिनाच विसरला होता. जागेवर जाऊन पाहणाऱ्याने ते कागदावर आणायचं असतं.

“बाबा, आराखडा तुम्हीच काढा,” असं मुलगा म्हणाला त्याला आठ दिवस झाले. “तुमच्या हाताची सर मशीनला नाही.”

त्या वाक्यावर ते आठ दिवस जगले. माळ्यावरून आरेखनाचा फळा उतरला. पेन्सिलींना टोकं आली. थरथरणाऱ्या उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू मिळाला आणि एका फुटाला अर्धा इंच या मापाने दिवाणखाना, त्याच्या पाठीमागचं स्वयंपाकघर, कोपऱ्यातली कोठी, सगळं कागदावर उतरलं. खाटेपाशी पेन्सिल थोडी अधिक रेंगाळली. उशी कोणत्या बाजूला, तेही त्यांनी दाखवलं. सकाळचं ऊन तिथूनच आत येई आणि सर्वांत आधी त्यांच्या पायांवर बसे.

सिस्टीम बसवणारा माणूस अकराच्या सुमारास आला. त्याने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्यावर वाकला.

“हे हाताने काढलंय? काका, आमच्याकडे असं काम आता कोणाला येत नाही.”

बाबांनी चष्मा पुसला. मुलगा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसला.

मग त्या माणसाचं बोट कागदावरून सरकत खिडकीपाशी थांबलं. “फक्त एक अडचण आहे, साहेब. पाचही स्पीकरांचा आवाज जिथे येऊन मिळतो ना, ती घरातली सगळ्यांत चांगली जागा. सोफा तिथे हवा. आणि ती जागा नेमकी इथे येतेय.” बोट उशीवर होतं. “खाट राहणार असेल, तर सगळं गणित बिघडेल.”

“खाट नाही राहणार,” मुलगा म्हणाला. “ती यादीत नव्हतीच.”

स्वयंपाकघराच्या दारातून सुनेचा आवाज आला. “अहो, रविवारी सांगायचं ठरलं होतं ना?”

बाबा आपल्याच अक्षरातल्या त्या शेवटच्या ओळीकडे पाहत होते. चूक यादीत नव्हती. चूक तिच्याखाली होती.

“बाबा, तुमच्याच सोयीचं बघतोय आम्ही,” मुलगा म्हणाला. “इथे सिनेमे चालणार, माणसं येणार. तुमची झोपमोड. कोठी रिकामी करून देतो. रंगही काढू. शांत जागा आहे.”

“कोठी सात बाय पाच.” बाबांचा आवाज ऑफिसातला होता. “खाट तीन फूट रुंद. उरले दोन. दार अडीच फुटांचं आणि आत उघडणारं. खाटेला अडेल.”

“एवढंच ना? दार काढून टाकू. तुम्हाला आता दार कशाला हवंय?”

तो माणूस मोजपट्टी उगाचच ओढत आणि सोडत राहिला. बाबांनी खोडरबर घेतला नाही. त्यांच्या ऑफिसचा नियम होता : जे राहणार ते अखंड रेषेत, जे जाणार ते तुटक रेषेत. त्यांनी पेन्सिल तासायच्या पात्याच्या टोकाने खाटेची रेघ जागोजागी खरवडली. उशीचीही.

“पुढे बोला,” ते म्हणाले. “कपाटाचं.”

“हां. कपाट बंद ठेवू नका,” तो माणूस सुटल्यासारखा बोलू लागला. “संगणकाच्या मागे चार इंच मोकळी जागा. जाळी हवीच. कोंडला की तापतो, घरघरायला लागतो, आणि मग एक दिवस चालूच होत नाही.”

“जाळी एकीकडून की दोन्हीकडून?”

“दोन्हीकडून असेल तर फारच उत्तम. हवा खेळती राहते.”

“दोन्हीकडून काढा, बाबा,” मुलगा म्हणाला. “त्यात काटकसर नको. वस्तू नाजूक आहे.”

बाबांनी दोन्हीकडून जाळी काढली. एकेक आडवी रेघ, सारख्या अंतराने. समासात टीप लिहिली : ‘हवा खेळती राहावी.’ मग कागद जरासा फिरवला आणि कोपऱ्यातल्या कोठीत, भिंतीला लागून, खाट काढली. अखंड रेषेत. मनगट एकदाही थरथरलं नाही. दाराची झडप तेवढी खरवडून टाकली. भिंतीत नुसती फट उरली.

तो माणूस निघण्यापूर्वी कागद उचलून उजेडात धरून पाहू लागला. कोठीपाशी त्याची नजर अडली. चारी भिंतींवरून त्याचं बोट एकदा फिरून आलं.

“काका, इथली खिडकी काढायची राहिली वाटतं.”

बाबा पेन्सिली एकेक करून डबीत ठेवत होते.

“नाही,” ते म्हणाले. “राहिली नाही.”