बाटलीचा शोध

"लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे," डॉक्टर म्हणाले, तशी शरयूने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. दारूला कधी शिवलो नाही म्हणणाऱ्या दिगंबरने मान खाली घातली.

घरी येताच तिने त्याचं कपाट उपसलं, स्कूटरची डिकीही धुंडाळली. बाटली सापडली नाही, पण संशय जाईना. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने जाऊन डॉक्टरांना गाठलं. "खरं सांगा, हे चोरून पितात ना?"

"छे हो! वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये चरबी साचत गेली, त्यात शुगरही वाढलेली. दारू न पिणाऱ्यालाही त्यातून कॅन्सर होऊ शकतो."

ती परतली, तेव्हा धाकटा दीर दिगंबरला खोदून विचारत होता, "दादा, आता तरी कबूल कर."

"त्यांनी थेंबही घेतलेला नाही!" शरयू दारातूनच कडाडली.

दिगंबर कालपासून पहिल्यांदाच रडला.